मुकी जखम आणि परिचारिकेचे हात

जखम झाली की ती दुखते, हा माणसाचा रोजचा अनुभव आहे. पायात काटा मोडला तर माणूस लंगडतो, त्या पायावर भार टाकीत नाही आणि काटा निघेपर्यंत त्याला चैन पडत नाही. वेदना नकोशी वाटली तरी ती शरीराची राखणदार आहे. ग्रामीण भागातील आरोग्य केंद्रांमध्ये मात्र अशाही जखमा येतात, ज्या दुखत नाहीत. कापणी झालेल्या शेतातील धसकट तळव्यात शिरते, चपलेचा खिळा वर येतो, थंडीच्या रात्री शेकोटीशेजारी पाय भाजतो. आणि त्या माणसाला ते कळते दोन-तीन दिवसांनी, घरातील कोणाला तरी अंथरुणावर ओल दिसते तेव्हा. कुष्ठरोगाने किंवा दीर्घकाळच्या मधुमेहाने पायाच्या मज्जातंतूंची संवेदना गेलेली असते. अशा जखमेला ‘मुकी जखम’ म्हणणे योग्य ठरेल.

मुक्या जखमेची शुश्रूषा आणि त्यासाठी परिचारिकेला द्यावयाचे प्रात्यक्षिक शिक्षण हा या व्याख्यानाचा विषय आहे. विषय वरवर पाहता लहान वाटतो. तथापि दुखत नाही म्हणून दुर्लक्षिलेली जखम महिनोन्महिने वाहत राहते, हाडापर्यंत पोहोचते आणि अखेर पाऊल किंवा पाय कापण्याची वेळ येते. शेतमजुराचा पाय गेला म्हणजे त्याच्या घरातील मिळकत गेली. हा पाय महागड्या मलमाने वाचतोच असे नाही. तो बहुधा वाचतो, तो वेळेवर पाहणाऱ्या शिक्षित डोळ्यांमुळे आणि नीट पट्टी करणाऱ्या शिक्षित हातांमुळे. हे शिक्षण केवळ पुस्तकातून मिळत नाही, आणि एकदा मिळाले की जन्मभर पुरते असेही नाही.

वेदना नसण्याचे परिणाम

कुष्ठरोगात हातापायांची बोटे ‘झडतात’ हा समज शतकानुशतके चालत आला. त्या समजाला शास्त्रीय उत्तर मिळाले ते भारतातच. अस्थिशल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ मध्ये तामिळनाडूतील वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाले. रुग्णांच्या जखमांचा माग काढताना त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले की, रोगाचे जंतू बोटे खात नाहीत. मज्जातंतू निकामी झाल्याने वेदना नाहीशी होते आणि पुढची हानी रोजच्या व्यवहारातून घडते. चुलीवरचे तापलेले भांडे उघड्या हाताने उचलले जाते. गंजलेले कुलूप कातडी सोलेपर्यंत पिळले जाते. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडत असल्याचेही आढळून आले आणि त्यावर रुग्णांना मांजरे पाळावयास देण्याचा साधा उपाय करण्यात आला.

पायाच्या बाबतीत हा शोध अधिकच महत्त्वाचा ठरला. तळव्यावरील व्रण भरून येत नसे, तो रक्त दूषित असल्याने नव्हे, तर रुग्ण त्याच पायावर सरळ चालत असल्याने. निरोगी माणूस जखमी पाऊल उचलून धरतो. संवेदनाहीन माणूस त्याच जागेवर दिवसभर हजारो वेळा भार टाकतो. पायाला व्यवस्थित बसणारा प्लास्टरचा साचा चढवून भार सर्वत्र विभागला, की अनेक जुने व्रण भरून येतात, असे दिसून आले. डॉ. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि हीच पद्धत पुढे मधुमेही रुग्णांच्या पायांसाठी वापरली जाऊ लागली. कुष्ठरुग्णांच्या शुश्रूषेतून उपजलेले हे ज्ञान आज जगभरच्या मधुमेही रुग्णांच्या उपयोगी पडत आहे.

या दोन्ही रोगांचा महाराष्ट्राच्या खेड्यांशी निकटचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचाराची शिफारस केली; भारतात राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम १९८३ पासून सुरू झाला; आणि डिसेंबर २००५ मध्ये देशातील रुग्णांचे प्रमाण दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून खाली आले. हे यश मोठे आहे. परंतु औषधाने जंतू मरतात. फार पूर्वी गेलेली संवेदना त्यामुळे परत येत नाही. रोगमुक्त झालेल्या माणसाला आपले संवेदनाहीन पाय आयुष्यभर सांभाळावे लागतात. दुसरीकडे मधुमेह आता शहरापुरता राहिलेला नसून खेड्यांतही रुग्ण आढळत आहेत, आणि अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हे पायाची जखम चिघळल्यावरच कळते.

जखम भरते कशी?

जखम भरून आणण्याचे काम शरीर स्वतः करते. परिचारिकेचे काम त्यातील अडथळे दूर करण्याचे आहे. प्रथम रक्त गोठते. नंतर काही दिवस जागा लाल व गरम राहते. या काळात पांढऱ्या पेशी जंतू व मृत पेशी यांची सफाई करतात. त्यानंतर तळापासून लालसर, दाणेदार मांसांकुर उगवतात आणि कडांकडून नवी त्वचा पुढे सरकते. शेवटी वण घट्ट होत जातो. ही क्रिया अनेक महिने चालते. वणाची मजबुती मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही. म्हणूनच भरलेली जखम ही बरी झालेली जखम असली, तरी ती जागा पुन्हा फुटण्याचा धोका कायम असतो. मधुमेही पायाचे व्रण भरल्यानंतर सुमारे ४० टक्के रुग्णांमध्ये एका वर्षाच्या आत व्रण पुन्हा होतो, असे अभ्यासांवरून दिसून आले आहे.

जखमेला हवा लागू द्यावी व खपली धरू द्यावी, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने डुकरांच्या त्वचेवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने चढते. आधुनिक पट्ट्यांचे सारे शास्त्र या निष्कर्षावर उभे आहे. ओलसर याचा अर्थ चिंब भिजलेली असा मात्र नाही. स्राव अधिक असेल तेथे तो शोषून घेणारी पट्टी हवी. जखम कोरडी असेल तेथे ओलावा राखणारी हवी. आणि रक्तपुरवठा तुटून काळे, कोरडे पडलेले बोट असेल, तर ते भिजवू नये. ते कोरडे ठेवून रुग्णाला तातडीने शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. कोणत्या जखमेला काय हवे, हे ओळखणे हेच परिचारिकेचे पहिले कौशल्य होय.

पट्टी बदलण्याचे शास्त्र

पट्टी बदलणे हे काम दवाखान्यात सर्वांत शेवटी, घाईघाईने, बहुधा नवशिक्या व्यक्तीकडे सोपविले जाते. वस्तुतः त्यातील प्रत्येक पायरीला कारण आहे.

पहिली पायरी हात धुण्याची. प्रसूतीकक्षात जाण्यापूर्वी डॉक्टरांनी हात निर्जंतुक केल्यास मातांचे मृत्यू घटतात, हे व्हिएन्ना येथे इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच दाखवून दिले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार साबण व पाण्याने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद, तर अल्कोहोलयुक्त द्रावण चोळण्यास २० ते ३० सेकंद लागतात. हातमोजे घातले म्हणजे हात धुण्याची गरज संपली, हा समज चुकीचा आहे.

दुसरी पायरी जखम पाहण्याची. जुनी पट्टी चिकटली असेल तर ती ओढून काढल्यास नुकतेच उगवलेले मांसांकुर तिच्याबरोबर निघून येतात. म्हणून ती सलाइनने भिजवून सोडवावी. नंतर जखमेची लांबी व रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजावी, खोली पाहावी, तळाचा रंग, स्राव, वास, कडा आणि भोवतालची त्वचा यांची नोंद करावी. ‘जखम बरी आहे’ अशी नोंद निरुपयोगी असते. ‘लांबी ३ सेंमी, रुंदी २ सेंमी, तळ लाल, कडेला पिवळा थर, स्राव मध्यम’ ही नोंद पुढील आठवड्यातील परिचारिकेला, ती दुसरी असली तरी, तुलना करू देते. योग्य शुश्रूषा होऊनही चार आठवड्यांत मधुमेही पायाच्या व्रणाचे क्षेत्र जवळपास निम्म्याने घटले नाही, तर उपचारात काही उणे आहे असे समजून रुग्णाला वरच्या रुग्णालयात पाठवावयास हवे. मोजलेच नाही, तर हे कळणार कसे?

तिसरी पायरी स्वच्छ करण्याची. सलाइन हे त्यासाठी साधे व सुरक्षित साधन आहे. एक बोळा एकदाच फिरवावा आणि टाकून द्यावा. वापरलेला बोळा पुन्हा जखमेत नेऊ नये. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम साफ झाल्याचे समाधान वाटते, स्पिरिटची झोंबही अनेकांना गुणकारी वाटते. परंतु ही द्रव्ये जंतूंबरोबर नव्या पेशींनाही मारतात. चुना, राख, शेण, तंबाखू यांसारखे घरगुती लेप तर जखमेत नवी घाण व धनुर्वाताचे जंतू नेऊ शकतात. रुग्णाने असे काही लावून आणले असेल तर परिचारिकेने त्याला टाकून बोलू नये. रागावलेला रुग्ण पुढच्या खेपेस येत नाही आणि मुकी जखम त्याला परत पाठवीत नाही.

चौथी पायरी ओळखण्याची: आपल्या हातची जखम कोणती आणि आपल्या हाताबाहेरची कोणती. पसरत जाणारी लाली, ताप, दुर्गंधी, काळा पडलेला भाग, तळाशी हाड लागणे, पायाच्या नाड्या हाताला न लागणे, ही रुग्णाला विनाविलंब पुढे पाठविण्याची लक्षणे होत. कधी कधी जखम मुळीच नसते, परंतु संवेदनाहीन पाऊल गरम व सुजलेले असते. अशा वेळी आतील हाडे खचत असण्याची शक्यता असते. मुरगळला असेल म्हणून शेकून, चोळून रुग्णाला चालावयास लावले, तर पावलाचा आकार कायमचा बिघडतो.

भार काढल्याविना जखम भरत नाही

वरील सर्व पायऱ्या पाळूनही रुग्ण त्याच पायावर चालत घरी गेला, तर अर्धी शुश्रूषा वाया जाते. पायावरील भार कमी करणे हाच तळव्यावरील व्रणाचा मुख्य उपचार आहे. विश्रांती, काठी किंवा कुबडी, योग्य प्रकारे चढविलेले प्लास्टर आणि व्रण भरल्यानंतर योग्य पादत्राण ही त्याची साधने होत. प्लास्टर चढविण्यापूर्वी पायाचा रक्तपुरवठा पुरेसा आहे व खोल जंतुसंसर्ग नाही याची खात्री करणे आवश्यक असते. म्हणून तो निर्णय डॉक्टरांचा असतो. कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या पायांसाठी एम.सी.आर. म्हणजे सूक्ष्म छिद्रे असलेल्या मऊ रबराच्या चपला दिल्या जातात. त्यांना खिळे नसतात, टाचेमागे पट्टा असतो आणि तळ वरून मऊ व खालून टणक असतो. अंगठ्याच्या चपलेत पाय रोवून चालण्यास बोटे वळवावी लागतात आणि पट्टा घासतो. म्हणून ती अशा पायांना घातक ठरते. चपला नुसत्या वाटून भागत नाही. त्या पायाला बसतात की नाही, काही महिन्यांनी रबर चेपले आहे की नाही, हे पाहणे शुश्रूषेचाच भाग आहे.

मुकी जखम होण्यापूर्वीच पाय ‘मुका’ झाल्याचे ओळखता आले, तर सर्वांत उत्तम. त्यासाठीची साधने अगदी साधी आहेत. कुष्ठरोग कार्यक्रमात बॉलपेनच्या टोकाने हलका स्पर्श करून तपासणी केली जाते. मधुमेहासाठी १० ग्रॅम दाब पडताच वाकणारा नायलॉनचा धागा वापरतात. परंतु साधे साधनही चुकीच्या हाती चुकीचे उत्तर देते. रुग्णाचे डोळे मिटलेले असावयास हवेत. आधी हातावर स्पर्श करून तपासणी कशी होणार हे त्याला दाखवावयास हवे. धागा उभा टेकवून वाकेपर्यंतच दाबावा, घट्ट्यावर किंवा व्रणावर टेकवू नये. ‘इथे लागतंय ना?’ असे विचारले, तर भिडेखातर ‘हो’ असेच उत्तर येते. म्हणून स्पर्श कोठे झाला ते बोटाने दाखवावयास सांगावे.

दिसावयास सारखे, सल्ला निराळा

दोन्ही रोगांतील पाय दिसावयास सारखे असले, तरी सल्ला सर्वस्वी सारखा नसतो. कुष्ठरोगात घाम व स्निग्धता निर्माण करणाऱ्या ग्रंथी निकामी झाल्याने त्वचा कोरडी पडून भेगाळते. म्हणून रोज सुमारे वीस मिनिटे साध्या पाण्यात पाय भिजत ठेवावे, घट्टे हळूवार घासावे आणि ओल्या त्वचेवरच तेल लावावे, असे शिकविले जाते. मधुमेही रुग्णाला मात्र पाय फार वेळ भिजत ठेवू नयेत असे सांगितले जाते. धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या, कारण तेथील ओलसर त्वचा चिखल्या होऊन फुटते. पाणी कढत आहे की नाही ते पायाने न पाहता कोपराने पाहावे. भोवरी किंवा घट्टा ब्लेडने कापू नये. रोज रात्री दोन्ही तळवे पाहावे. वाकता येत नसेल तर आरशात पाहावे, दृष्टी अधू असेल तर घरच्यांकडून पाहून घ्यावे. चप्पल घालण्यापूर्वी ती झटकून आतून हात फिरवावा. जेथे वेदना पहारा करीत नाही, तेथे डोळ्यांनी पहारा करावयाचा, हे या शिकवणुकीचे सूत्र आहे.

कौशल्य शिकवावे कसे?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे शिक्षण सुरू केले, तेव्हापासून रुग्णशय्येजवळ अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीखाली शिकणे हा या शिक्षणाचा गाभा राहिला आहे. परंतु केवळ पाहून शिकण्यात एक दोष आहे: चांगल्या सवयींबरोबर घाईच्या सवयीही उचलल्या जातात. म्हणून आता रुग्णाला हात लावण्यापूर्वी कौशल्य प्रयोगशाळेत सराव करून घेतला जातो. भारतीय परिचर्या परिषदेच्या, २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात सत्रपद्धतीबरोबरच अशा प्रकारच्या कृत्रिम प्रसंगांवरील शिक्षणालाही स्थान देण्यात आले आहे.

या सरावाची रीत अशी: शिक्षिका प्रथम संपूर्ण कृती नेहमीच्या गतीने, न बोलता करून दाखविते. दुसऱ्या वेळी ती प्रत्येक पायरी कारणासह समजावते. तिसऱ्या वेळी विद्यार्थिनी पायऱ्या सांगते आणि शिक्षिका त्याप्रमाणे करते. येथेच समजुतीतील चुका उघड होतात. चौथ्या वेळी विद्यार्थिनी स्वतः बोलत बोलत कृती करते. हात धुण्याचा सराव द्यावयाचा असेल, तर डोळे बांधून, साबणाऐवजी रंग घेऊन हात चोळावयास सांगतात. डोळे उघडल्यावर अंगठा, बोटांची टोके व बेचक्या कोऱ्या राहिलेल्या दिसतात. हा धडा दहा व्याख्यानांपेक्षा अधिक काळ ध्यानात राहतो. जखम मोजण्याचा सराव कागदावर काढलेल्या वेड्यावाकड्या आकृत्यांवर करता येतो. दहा जणींनी एकच आकृती मोजली आणि दहा उत्तरे आली, म्हणजे एकच रीत ठरविण्याची गरज सर्वांना पटते. यासाठी महागड्या पुतळ्यांची आवश्यकता नाही.

शिकलेले उतरले की नाही, हे पाहण्याची पद्धतही विचारात घेण्याजोगी आहे. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी एक नवी प्रात्यक्षिक परीक्षा मांडली. तीत परीक्षार्थी ठरावीक वेळात एकामागून एक अनेक ठाण्यांवर जातो. एका ठाण्यावर हात धुणे, दुसऱ्यावर जखमेची नोंद, तिसऱ्यावर रुग्णाला समजावून सांगणे, असे प्रत्येकाचे गुण ठरलेल्या तक्त्यानुसार दिले जातात. परीक्षकाची मर्जी किंवा समोर आलेला रुग्ण सोपा की अवघड, यावर निकाल अवलंबून राहत नाही. परिचर्या शिक्षणातही ही पद्धत आता स्वीकारली गेली आहे.

तथापि खरा प्रश्न पदविका मिळाल्यानंतरचा आहे. उपकेंद्रातील परिचारिकेचा दिवस लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, सर्वेक्षणे आणि अहवाल यांत जातो. जे कौशल्य महिनोन्महिने वापरले जात नाही, ते हातातून निसटते. आणि जे एकटीनेच वापरले जाते, त्यात नकळत चुका रुजतात. त्यामुळे सेवांतर्गत प्रशिक्षण म्हणजे सभागृहातील एक दिवसाचे भाषण व भोजन, असे होता कामा नये. जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या ड्रेसिंग कक्षात काही दिवस प्रत्यक्ष काम, तेथील अनुभवी अधिपरिचारिकेने तक्त्यानुसार घेतलेली पाहणी, आणि काही महिन्यांनी तिच्याच केंद्रावर जाऊन केलेली पुन्हा पाहणी, असे त्याचे स्वरूप असावयास हवे. ही पाहणी दोष शोधून ठपका ठेवण्यासाठी नसून हात सुधारण्यासाठी आहे, हा विश्वास परिचारिकेला वाटला तरच ती आपली अडचण मोकळेपणाने सांगेल.

महाराष्ट्राचा वारसा

जखम धुण्याचे काम हलके मानण्याची वृत्ती समाजात होती आणि ती अद्याप पुरती गेलेली नाही. या वृत्तीला महाराष्ट्राच्या भूमीतच कृतीने उत्तर दिले गेले. खात्रीचा औषधोपचार उपलब्ध नव्हता, त्या काळात, १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांची सेवा आरंभिली. सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधींनी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीस तपोवन उभारले आणि बाबा आमटे यांचे वरोऱ्याजवळील आनंदवन १९५१ मध्ये सुरू झाले. या कामांत करुणेइतकेच महत्त्व रोजच्या, न चुकता होणाऱ्या मलमपट्टीला होते.

स्वस्त साधनांचे संशोधनही येथे झाले. भाजलेल्या जखमांसाठी न चिकटणारी, ओलावा राखणारी आणि परवडणारी पट्टी हवी, या गरजेतून मुंबईत डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीचा प्रयोग १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या पट्टीचा अभ्यास केला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. या पट्ट्या रुग्णालयात विधिवत तयार करून निर्जंतुक केलेल्या असतात. परसातील पान तोडून जखमेवर ठेवणे हा त्याचा अर्थ नव्हे. शास्त्र समजले, तर साध्या वस्तूचेही उत्तम साधन होते, एवढा बोध त्यातून घ्यावयाचा.

सर्वांचा वाटा

परिचारिका शिक्षित असली तरी तिच्या केंद्रात वाहते पाणी नसेल, तर ती हात धुणार कशाने? येथे ग्रामपंचायतीचे काम सुरू होते. उपकेंद्राला पाणी, वीज, झाकणाची कचरापेटी, पट्टी बदलण्यापुरती पडद्याआडची स्वच्छ जागा, आणि रुग्णाला पाय वर ठेवता येईल असे बाक, या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत हा विषय घेता येतो. गावात संवेदनाहीन पायाचे किती लोक आहेत, याची माहिती आशा कार्यकर्ती व परिचारिका यांच्याकडे असावी. मात्र ती नावे चव्हाट्यावर येता कामा नयेत. कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये झालेला असल्याने त्यांना मिळावयाच्या सवलतींबाबत पंचायत सदस्यांनी साहाय्य करावे.

शिक्षकांचा वाटाही मोलाचा आहे. आजी-आजोबांचे तळवे रोज रात्री पाहण्याचे काम घरातील शाळकरी मूल सहज करू शकते. दुखत नसलेली जखमही दवाखान्यात दाखवावी आणि कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो, या दोन गोष्टी विद्यार्थ्याने घरी नेल्या, तरी मोठे काम होईल. आणि प्रशासनाने केवळ ‘किती पट्ट्या केल्या’ हा आकडा न मागता ‘किती जखमा भरल्या, किती दिवसांत भरल्या, आणि किती पुन्हा फुटल्या’ असे विचारावयास हवे. ज्याची विचारणा होते, त्याची नोंद होते. ज्याची नोंद होते, तिकडे लक्ष जाते.

मुकी जखम आपल्यासाठी बोलत नाही. तिची भाषा ओळखणारी परिचारिका घडविण्यास वेळ लागतो, मार्गदर्शक लागतात आणि सातत्य लागते. इमारती व यंत्रे यांच्याप्रमाणे हे काम डोळ्यांत भरणारे नाही. परंतु पेरणीच्या दिवसांत आपल्या दोन्ही पायांवर शेतात उभा राहणारा माणूस हेच त्या कामाचे फलित असते. आणि ग्रामीण विकासाचा हिशेब मांडताना त्याची गणना अग्रक्रमाने व्हावयास हवी.